आधी किडा दाखवा

शेंदूरजनाघाट
१२ सप्टेंबर २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक म्हणायचं. विहिरीला पाणी नव्हतं, म्हणून संत्र्याची उरलेली झाडंही उन्हाळ्यात काढली. तिथे आता गवत आहे, आणि हे तिकडे फिरकत नाहीत. अंगणातल्या जांबाच्या झाडाखाली खाट टाकून बसतात. अर्धी भाकर खातात.

जांबावर एक किडा आहे, असं यांचं म्हणणं. काडीसारखा, काडीच्याच रंगाचा, चालला तरच दिसतो. मला अजून दिसलेला नाही. पानं कुरतडलेली आहेत, एवढं खरं. तुझं फवारणीच्या औषधांचं दुकान, तेव्हा एक बाटली कुणाच्या हाती पाठव, असं लिहायला यांनी सांगितलं. सांगितलं म्हणून लिहिलं.

वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझं पोट विचारत नाही, ते वाढलंच असणार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी कौशल्या


अकोला
१८ सप्टेंबर

चि. सौ. कौशल्यास,
अ. उ. आ.

बाटली पाठवत नाही. काडीकिडा चार पानं खातो, त्यानं झाड मरत नाही. आणि वरुडात एवढी दुकानं असताना अकोल्याची बाटली कशाला? खरं काय ते लिही.

मागच्या वर्षी एकानं माझ्याकडून कपाशीसाठी म्हणून औषध नेलं. त्याच्या वावरात कपाशी नव्हतीच. हे मला त्याच्या तेरवीला कळलं. तेव्हापासून दुकानात एकच नियम: आधी किडा दाखवा. उत्तमरावांनाही तोच. त्यांनी किडा घेऊन स्वतः यावं, चार दिवस राहावं. वहिनी रोडगे करीन म्हणते.

पोटाबद्दल पुन्हा लिहू नये. तुझ्यावर जीव आहे हे वेगळं लिहायला नको.

खुशाल


शेंदूरजनाघाट
२७ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू ओळखलंस. वरुडच्या दोन दुकानदारांनी यांना परत पाठवलं. बाग तं तोडली तुमी, आता फवारता कायले, असं तोंडावर विचारलं. त्यानंतर हा किडा निघाला. मला तो खराच वाटत नव्हता.

तुझं पत्र यांच्याच हाती दिलं. साळा दुकान चालवून राहिला का कोरट, म्हणाले. मग उठले आणि जांबावर किडा शोधायला लागले. चष्मा मागितला, शिडी मागितली. जेवण मागितलं नाही, पण वाढलेलं खाल्लं. मी पाणी भरतानाही त्यांच्याकडेच पाहत होते. मी फार थकले रे. काल त्यांनी हाक मारली. मनगटावर एक काडी चालत होती.

उद्या किडा डब्यात घालून तुझ्याकडे निघतात. किडा खरा आहे, दादा. तरी बाटली देऊ नकोस.

तुझी कौशल्या


शेंदूरजनाघाट
१ ऑक्टोबर

रा. रा. खुशालराव यांस,
स. न. वि. वि.

मी निघालो होतो. अमरावतीच्या स्टँडवर गाडी बदलताना डबा उघडून पाहिला. किडा ताठ पडलेला. मेला, असं वाटलं. बोट लावल्यावर पाय हलले. तळाशी बारीक बियांसारखी अंडी होती. अकोल्याची गाडी सोडली आणि परत आलो. किडा जांबावर सोडला. लगेच दिसेनासा झाला.

तुमचा नियम कळला. कौशल्या झोपत नाही, हे मला दिसतं.

अंडी ओल्या मातीत ठेवली आहेत. दुकानात कुणी जाणता आला, तर पिल्लं निघायला किती दिवस लागतात, ते विचारून कळवावं. रोडगे राहिले, रागावू नये. लोभ असू द्यावा.

बाटली नको. पिल्लं निघेपर्यंत मी इथेच आहे.

आपला
उत्तमराव