कातर तुमीच दिली हुती

आबा, चौथीपातूरची शिकलेली मी, चुकलं तर हसू नका. हितं कुणाला सांगायचं भ्या वाटतंय, म्हणून तुमाला लिवतीया.

लगनात तुमी जावयाला तुमची मेंढरं कातरायची कातर दिली हुती. ती ह्यांनी फौजेतबी नेली. मागल्या साली मी लेकीला घिऊन क्वार्टरमंदी ऱ्हायला गेले, तवा सायबाच्या म्याडमला मीच मिरवून सांगितलं, आमच्या मालकासारखं सांगोल्यात कुणी कातरत न्हाय. दुसऱ्या दिवसापासनं सायबाची कुत्री ह्यांच्याकडं आली. बंदूक चालवायला गेलेला माणूस कुत्र्याचं केस कातरतोय, भांडी घासतोय, म्याडमच्या चपला पुसतोय. एकदा कुत्र्याचा कान जरासा कापला. सायबानं सगळ्यांम्होरं पट्ट्यानं मारलं. ह्यांनी वर तक्रार लिवली. आठ दिवसांत ह्यांनाच येड्यांच्या वार्डात घातलं, मला गावाकडं धाडलं. कातर तितंच ऱ्हायली.

परवा दुपारी फौजेतनं दोन माणसं घरी आली. कागद लिवूनच आणला हुता, की मालक घरीबी डोक्यानं बरं नव्हतं, अंगावर धावून यायचं. मी म्हणलं, आसं कदी झालं न्हाय. त्यातला मोठा लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणला, "ताई, सही केली तर दवाखान्यातून घरी येतील. नाहीतर तुरुंगात जातील. पोरगी लहान आहे की अजून."

तुमी मेंढरू ढुंगणावर बसवून कातरायचा, ते हलायचंबी न्हाय. ल्हानपणी मी म्हणलेलं, आबा, कसं गुणाचं हाय. तुमी लई चिडला. "गुणाचं कशाचं? पाय उचलल्यात त्येचं, जाईल कुटं?" परवा मला त्येच आठवत हुतं, आन पेन हातात हुता.

काल ह्यांचा फोन आला. गोळ्यांनी आवाज जड झालाय. ह्ये म्हणलं, "दुसरं कुणी न्हाय ऐकलं तर ऱ्हाऊ दे. तुला ईचारायला येतील, तू खरं सांगशील की."

मी व्हय म्हणलं.

आबा, सही आदल्या दिशीच दिली हुती. ह्यांना सांगितलं न्हाय. ह्यो कागदबी मी चुलीत घालीन. तुमी जित्तं न्हाय, ह्येचं काल पैल्यांदा बरं वाटलं.