दारावरचे लुगडे

धामापूर, २० जुलै १९६१

ती. सौ. पद्माक्कास,
सुगंधाचा शि. सा. नमस्कार. इकडे सर्व खुशाल. मला तापबीप काही नाही, नुसती भीती भरली आहे.

शिमग्यात नाना पडले तेव्हापासून त्यांचा उजवा हात वर जात नाही. यंदा मूर्ती करायला नकोत, गणपतीची शाळा बंद ठेवू या, असे मी म्हटले. नाना म्हणाले की घराघरांतून पाट आले आहेत, ते मूर्तीशिवाय परत कसे धाडायचे? तूच कर. अक्का, मी आजवर माती मळली, मुकुटाला मणी लावले. आख्खा गणपती कधी केला होता?

लोक तर येता-जाता आत डोकावतात, आपल्या पाटावरचा गणपती कुठवर आला ते बघतात. नानांना त्याचे काही वाटत नसे. माझ्या बिनसोंडेच्या गोळ्याकडे कोणी बघितले की मी मध्ये आडवी उभी राहते. म्हणून दारावर जुने लुगडे बांधले आहे. रंग होईपर्यंत कोणाला दाखवणार नाही. लोकांना पसंत पडले नाही तर पुढच्या वर्षी पाट दुसऱ्या शाळेत जातील, आणि लेकीच्या हातून नानांचे नाव बुडेल.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सुगंधा

खारेपाटण, २८ जुलै १९६१

चि. सुगंधास,
अनेक आशीर्वाद. तुझे भावोजी म्हणाले की गणपतीला गोषात ठेवणारी तू पहिलीच. मी त्यांना गप्प केले, पण हसू मलाही आले.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंना माशांचे सार चाखूच दिले नाही. म्हटले, नावे ठेवतील. पाहुण्यांच्या पानात वाढल्यावर कळले की मीठच घातलेले नाही. चुलीवर असताना चाखले असते तर चिमटीभर मिठात भागले असते. आता तू शहाणी आहेस, मी काय सांगू?

आणि नानांना तरी आत घेतेस, की तेही लुगड्याबाहेर? त्यांना जप. तुझ्यावर जीव आहे म्हणून रागावते.
तुझी अक्का

धामापूर, १९ ऑगस्ट १९६१

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार. तुझे पत्र वाचून मला राग आला होता. नानाही बाहेरच होते, पडवीत, दाराकडे पाठ करून. मी बोलावले नाही, ते उठले नाहीत.

काल वाडीतली काशीबाई लुगडे सारून सरळ आत आली. आपल्या पाटाकडे बघून म्हणाली की गो बाय, ह्यो आमचो नाय, आमचो गणपती उंदरार बसता. त्यांच्या घरची ती पिढ्यांची रीत, आणि मी त्याला चौरंगावर बसवून मोकळी! मला इतकी लाज वाटली की तुझा पाट घेऊन जा, असे म्हणून बसले आणि वर रडायलाच लागले. ती हलली नाही. चौरंगाला बोट लावून म्हणाली की माती ओली आसा मगे, रडतस कित्याक?

तेवढ्यात पडवीतून नाना बोलू लागले. कोणाचा गणपती नागावर, कोणाचा उभा, कोणाचा शेंदरी, सगळे त्यांना तोंडपाठ. मी म्हटले की आधी का नाही सांगितलेत? म्हणाले की तू विचारशील म्हणून वाट बघत होतो. अक्का, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

चौरंग मोडून उंदीर केला. लुगडे काढून टाकले. आता दिवसभर माणसांची वर्दळ. कोणी म्हणते कान लहान, कोणी म्हणते पोट मोठे. पण नानाही आत येऊन बसतात.
तुझ्या मायेची भुकेली,
सुगंधा

खारेपाटण, २६ ऑगस्ट १९६१

चि. सुगंधास,
अनेक आशीर्वाद. कान लहान म्हणतील त्यांचे ऐक. पोट मोठे म्हणतील त्यांचे मुळीच ऐकू नकोस, गणपतीच तो! पण डोळे कोण लिहिणार गो? नानांनी तो कुंचला कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. मला घोर लागला आहे. लगेच कळव.
तुझी अक्का

धामापूर, ११ सप्टेंबर १९६१

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार. परवा चतुर्थी, म्हणून घाईत लिहिते.

डोळेही मीच लिहिले. नानांनी कुंचला माझ्या हातात दिला आणि ते भिंतीला टेकून बसले. पहिला काशीबाईचा गणपती घेतला. ती समोर, तिच्यामागे अर्धी वाडी. एक डोळा झाला आणि माझा हात थांबला. दुसरा जुळला नाही तर? एका डोळ्याचा देव आणि एवढी माणसे त्याच्याकडे बघत बसलेली. मी नानांकडे पाहिले, ते गणपतीकडेच बघत होते. उठून पळावे असेच वाटत होते.

तेव्हा काशीबाईने हात जोडले. म्हणाली की एक डोळो उघडलो गो, तेणा माका बघल्यान. दुसरो सवकाश काढ, आमका घाय नाय.

अक्का, दुसरा मी सावकाश काढला.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी सुगंधा