ऑफिशियस यादोराव

२ जानेवारी १९७९, आंबागड
सरपंच लक्ष्मणराव घरी आले होते. सव्वीस तारखेला झेंड्यानंतर बाबांचा सत्कार! "बाई, यादोरावभाऊची ते साहेबाची चिठ्ठी तुमीच वाचा. पहिले इंग्रजीत, मंग मराठीत सांगा." बाबांनी लगेच पत्र्याची पेटी उघडली. जंगलातल्या बंगल्यावर चौकीदार होते तेव्हाची, १९४१ सालची चिठ्ठी. एकच ओळ — यादोराव इज ॲन ऑफिशियस मॅन. खाली गोऱ्या साहेबाची सही.

मॅट्रिकला असताना मीच अर्थ लावून दिला होता. ऑफिस म्हणजे काम, म्हणून कामाला तत्पर माणूस. वीस वर्षं पाहुण्यारावळ्यांना तेच सांगतेय.

३ जानेवारी
गावापुढे वाचायचं, म्हणून शाळेत डिक्शनरी काढली. 'नको तिथे नाक खुपसणारा, लुडबुड्या.' दोनदा पाहिलं. वीस वर्षांत एकदाही उघडून बघितलं नाही, आणि म्हणे इंग्रजीची मास्तरीण! नववीचा तास कसा घेतला, आठवत नाही.

५ जानेवारी
तुमसरच्या वाचनालयात एक जुनी, वाळवी लागलेली डिक्शनरी सापडली. तिच्यात पहिला अर्थ — दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा, मायाळू. लुडबुड्या दुसऱ्या नंबरावर. म्हणजे एके काळी बरा शब्द होता हा! मग बिघडला कधी? आणि साहेबाने लिहिला तो कुठला?

जुना अर्थ धरून लिहील इतका साहेब म्हातारा होता का, असं बाबांना विचारलं. "मले त टोपीच दिसे त्याची." झालं! नागपूरला कॉलेजातल्या सरांना पत्र टाकलं.

१० जानेवारी
टपाल नाही. बाबांनी चिठ्ठी उन्हात वाळवून परत ठेवली.

१६ जानेवारी
सरांचं कार्ड आलं. चांगला अर्थ दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच मागे पडला. फार पुढे पुढे करणारा माणूस नकोसा होतो, तसंच शब्दाचं झालं असावं, असं लिहितात. १९४१ मध्ये इंग्रज माणूस निंदा म्हणूनच लिहिणार. 'आपल्या वाचनात कुठे आला?' काय कळवू त्यांना?

बाबांनी जवळजवळ चाळीस वर्षं शिवी जपली. साहेबाचा राग आला, माझा जास्त आला. खरं सांगितलं तर बाबा खचतील. खोटं सांगावं तर समोर माझ्याच वर्गातल्या पोरी बसणार. शब्द अडला की डिक्शनरी उघडा, असं मीच त्यांना शिकवलंय.

२४ जानेवारी
बाबांचं धोतर निळीतून काढून वाळत घातलं. नत्थूकाका, बाबांचे जुने सोबती, रोजच्यासारखे चहाला आले. मी धीर करून विचारलं, चिठ्ठी मिळाली तेव्हा नेमकं झालं काय होतं? नत्थूकाकाच बोलले, "वाघाले साहेबाची गोळी लागली होती. जखमी वाघ झुडपात बसला. साहेब म्हणे, वाघ बाहेर काढाले हाकेवाले आत घाला. आमी सतरा जण होतो. यादोराव मधात पडला. म्हणे, साहेब, पहिले तुमी चाला, मंग लोक येतीन. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली अन् हाती चिठ्ठी आली."

मला वाटायचं, शेतीसाठी बाबांनी नोकरी सोडली. आत जाऊन रडले. तरी परवा काय वाचू, ते कळत नाहीच.

२६ जानेवारी, सकाळी
राहवलं नाही. बाबांना खरा अर्थ सांगून टाकला. ते धोतर नेसत होते. "मालूम हाय, बाई. बंगल्यावरच्या बाबूनं त्याच दिवशी सांगतलं होतं. जे लिहिलं हाय तेच वाच. त्या सतरा जणातला नत्थू बसला राहीन समोर."

मग इतकी वर्षं माझा चुकीचा अर्थ का ऐकून घेतलात?

"तू पहिल्यांदाच इंग्रजी वाचून सांगून राहिली होती बापाले. तिथं कायले मधात पडू मी?"