मुली आजारी पडतात

मॅडम,

मी आता विभागप्रमुख आहे, इथे अकोल्याला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण त्याआधीच तुम्ही गेलात. दारावर माझ्या नावाची पाटी लागली त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि मला मात्र अमरावतीच्या कॉलेजातला तुमचा कोपरा आठवत राहिला. वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत, स्टोअरच्या दाराला लागून एक टेबल आणि एक सूक्ष्मदर्शक. तुमच्या मागून आलेले सर प्रमुख झाले तेव्हाही तुम्ही त्याच टेबलाशी बसून होतात. ‘मॅडमना घर आहे, त्यांच्यावर आणखी भार कशाला,’ असं म्हणाले होते सगळे, जणू तुमची काळजीच करत होते. नंतरच्या तासाला फळ्यावर लिहिताना तुमचा खडू सारखा मोडत होता, एवढंच आम्हा मुलींना दिसलं.

एम.एस्सी.ला त्याच सरांनी ठरवलं की बागांमधून मुलं फिरतील, मुलींनी प्रयोगशाळेतलं काम घ्यावं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एसटीत बसवून मोर्शीला नेलंत. संत्र्याच्या झाडांना डिंक्या लागला होता, खोडांतून डिंक ओघळत होता. बागेचा मालक आमच्या मागे रस्त्याकडे बघत उभा. “सायेब नाई आले?” तुम्ही पदर खोचलात. “मीच आहो सायेब, भाऊ. झाड दाखवा.” मी चांदूर बाजारकडची, शेतकऱ्याच्या घरातली; कॉलेजात तोंड उघडलं की ‘मले-तुले’ बाहेर पडेल म्हणून गप्प राहणारी. वकिलांच्या घरातल्या तुम्ही, पुस्तकासारखं बोलणाऱ्या, आणि त्या माणसाशी अगदी माझ्या बाबांसारखं बोलत होतात. सालीचे तुकडे कागदी पाकिटात भरता भरता मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्याला असंच व्हायचं आहे.

त्याच हिवाळ्यात मी तापानं फणफणलेली असताना काम करत होते आणि टेबलाशीच चक्कर येऊन पडले. तुम्ही पाणी पाजलंत, स्टोअरमध्ये बसवलंत, दार लोटलंत. मला वाटलं, आता कपाळावर हात ठेवाल. तुम्ही म्हणालात, “इथे आजारी पडायचं नाही. मुलगा आजारी पडला तर तो आजारी असतो. तू आजारी पडलीस की हे म्हणतात, मुली आजारी पडतात.” आवाज अगदी खालचा, बाहेर जाऊ नये असा. मी तोंड धुऊन पुन्हा टेबलाशी आले. आता हे लिहिताना मला तुमचा राग येत नाही. तेव्हाही आला नव्हता. तेव्हा तर मला अभिमान वाटला होता, आणि आज वाईट वाटतं ते त्या अभिमानाचंच.

एकदा तुमच्या घरी प्रबंधाचं प्रकरण दाखवायला आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात, गॅसवर पाटवड्यांचा रस्सा उकळतोय, आतल्या खोलीतून तुमच्या सासूबाई हाका मारताहेत; त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांच्यामुळेच दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं जायची संधी तुम्ही सोडली होती, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या जागी प्रमुख सर गेले. तुम्ही माझी पानं वाचत होतात आणि एकाएकी ओट्याची कड घट्ट धरून वाकलात. चेहरा पांढराफटक. मी पुढे झाले तर म्हणालात, “नेहमीचंच आहे. महिन्याचं. जरा जास्त जातं, एवढंच.” डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर “परीक्षा संपू देत.” आणि मग, “कॉलेजात बोलू नकोस हं.” मी बोलले नाही. तुम्ही मला जेवायला वाढलंत आणि समोर उभ्या राहून माझ्या आलेखांतल्या चुका सांगत राहिलात.

मग मी पीएच.डी.साठी अकोल्याला आले, लग्न झालं, आणि पहिलं मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं. त्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेत हजर होते. कोणालाही सांगितलं नव्हतं. योगायोगानं तुम्ही प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून आलात, मला पाहिलंत आणि सरळ कॅन्टीनमध्ये घेऊन गेलात. “काय झालं?” मी सांगितलं. तुम्ही चिडलात आणि चिडल्यावर यायची ती बागेतली भाषा तुमच्या तोंडी आली. “मग इथं काय करून रायली तू?” मी म्हटलं, “तुम्हीच म्हणाला होतात, मॅडम.” तुम्ही चहाचा कप पुढे-मागे सरकवत बसलात. शेवटी म्हणालात, “हो. म्हणाले होते.” मग ऑटोनं मला घरी सोडायला आलात. रस्ताभर माझा हात तुमच्या हातात होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले.

तुम्ही निवृत्त झालात त्याच उन्हाळ्यात दवाखान्यात भेटलो. गर्भाशयाचा कर्करोग, फार पसरलेला. तुम्ही दुखणं किती वर्षं अंगावर काढलं होतं, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात म्हणे. मला म्हणालात, “दरवेळी काहीतरी असायचंच गं. परीक्षा, तपासणी, नाहीतर सासूबाई.” माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या ओट्याची ती कड होती. तेव्हा विशीतली पोर होते मी, पण तुम्ही सोडून कोणालाच तुमचं दुखणं माहीत नव्हतं, फक्त मला होतं.

मागच्या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी काम करताना थरथरत होती. घरी तान्ही मुलगी, अंगात ताप. मी हात लावला तर दचकली. “कोणाला सांगू नका ना, मॅडम. पुढच्या महिन्यात मुलाखत हाये माई.” आता रजेचे नियम आहेत, तक्रार समिती आहे, पाळणाघरासाठी एक खोलीसुद्धा आहे, तिच्यात तेव्हा मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. मी विचारलं, “आजारी पडायचं नाही, हे तुला कोणी सांगितलं?” ती गोंधळली. “कोणी नाई. सगळ्याच असंच करतात ना.” मॅडम, तुम्ही तिला सांगितलं नव्हतं, मीही नाही, तरी ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. मी तिच्या हातातली प्रयोगाची काचेची ताटली काढून घेतली, म्हटलं, हे मी करते, तू घरी जाऊन झोप. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला कामावरून काढत होते. दाराशी दोनदा थांबली. मग गेली. खुर्च्या मी दुसऱ्या दिवशी हलवायला लावल्या. तिला त्यामुळे किती धीर आला असेल, सांगता येत नाही. मुलाखत घ्यायला बसणाऱ्यांत मी एकटीच बाई आहे.

तुम्ही दोन वर्षं दक्षिणेत गेला असतात तर काय शोधलं असतंत, याचा मी अजून विचार करते. डिंक्यावरची तुमची निरीक्षणं आजही आमच्या उपयोगी पडतात. तुम्हाला खुर्ची मिळाली नाही याचं दुःख आहेच, पण तुम्हाला एक दिवस निवांत झोपून राहता आलं नाही, याचं जास्त आहे.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून आणखी एक सांगून टाकते. डॉक्टरांनी मला काही तपासण्या सांगितल्या आहेत. वेळेत कळलंय, काळजीचं नसावं. आज दुपारी जायचं आहे. सकाळी रजेचा अर्ज लिहायला बसले. कारणाच्या जागी ‘आजारपण’ लिहिलं, थोडा वेळ बघत राहिले, मग ते खोडून ‘घरगुती काम’ लिहिलं आणि पाठवून दिलं.