भर दुपारची हाक

८ नोव्हेंबर, वरकुटे

परत आले! स्पीकरमध्ये तेच तीन ठोके. मग खंड. परत तीन. भर दुपारी, उसाचं पातंही हलत नसताना. अक्षर बघ कसं वाकडं आलंय.

डीटीएचच्या टाकून दिलेल्या छत्र्या गोळा करून आभाळ ऐकायला आमच्या बांधावर ओळीनं मांडल्या, तेव्हा बारामतीला कॉलेजात सगळे हसले – मॅडम, परग्रहावरचं कुणी बोललं तर चहाला बोलवा. बोलवते थांबा!

९ नोव्हेंबर

संशय आबांच्या झटका मशीनवर. रानडुकरं उसात घुसू नयेत म्हणून ते कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडतं, आणि प्रत्येक झटक्याला माझ्या स्पीकरमध्ये ठोका. म्हणून शिवारातली सगळी मशीनं बंद करायला लावली. शेजारचे सोपानतात्या कुरकुरले, पण केलं.

दुपारी – तीन. खंड. तीन. छत्र्या जमिनीकडं वळवल्या की गप्प. आभाळाकडं केल्या की सुरू.

आई गं.

१० नोव्हेंबर

कॉलेजात कुणाला बोलले नाही. चुकले तर हसं होईल. बरोबर असले तर? ते त्याहून वाईट!

आईला सांगितलं. भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "भर बाराला हाक आली तर पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाय. कोन हाय ते कळंस्तवर न्हाय." मी फिजिक्स शिकवते, आणि मुकाट मान डोलावली. खरंच भ्यालेय.

मग स्वतःचीच समजूत घातली. जे कोण आहे ते ताऱ्यांत आहे. आज ओ दिली तरी उत्तर यायला वर्षं जातील, मी म्हातारी होईन. तेव्हा कुठं दोन घास गेले.

११ नोव्हेंबर

आबांनी घात केला!

एसटीनं घरी आले तर स्वारी ओसरीवर निवांत. दुपारी ठोके ऐकले आणि यांनी मशीन चालू करून मोजून चार झटके सोडले! वर मलाच म्हणतात, "कुनी हाळी दिली तर गप बसायचं व्हय? तिनाला चार म्हनलो." पलीकडच्या रानातून हाळी आली की ओ द्यायची, जन्मभर तेच केलंय त्यांनी.

मी ओरडले, मग रडले. आईनं उठून दाराला कडी घातली.

आता जरा हसू येतंय. त्या मशीनचा जीव तो केवढा! सोपानतात्यांच्या बांधापलीकडं साध्या रेडिओलासुद्धा ऐकू जात नाही.

१२ नोव्हेंबर

रजा टाकली. मशीनची वायर मीच तोडली.

दुपारी ठोके आले. पाच.