गुणाचं लेकरू

परभणी, मार्च १९८७

प्रिय दत्ता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. फाड, पण वाचून फाड. जुनं उकरायला बसलेलो नाही. तुझ्या भाचीबद्दल लिहायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

आधी माझं सांगतो. विद्यापीठाच्या नावावरून कॉलेजात दोन तट पडले, तू तिकडं गेलास, चारचौघांत मला ओळखत नाही म्हणालास, आणि मी ओळखपत्र प्राचार्यांच्या टेबलावर आपटून दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं, हे तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नसणार. मी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षकाचं प्रशिक्षण घेतोय. हसू नको. ज्याचं तोंड कधी बंद नसायचं तो ऐकू न येणाऱ्या लेकरांत येऊन बसलाय. इथं पोराचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाज त्याच्या बोटांना कळवावा लागतो. एकेका अक्षराला महिने जातात. सुरुवातीला मी एका पोरावर नुसता मनातून चिडलो, शब्दसुद्धा काढला नाही, तर ते रडायलाच लागलं. आमच्या शिकवणाऱ्या कमलबाई म्हणाल्या, “पंडित, तोंड गप हाय तुझं, पण चेहरा लय ओरडायलाय. ह्या लेकरांना तेवढंच ऐकू येतं.” तेव्हापासून आरशासमोर बसून चेहरा शांत ठेवायला शिकतो. सुटीत मुलं घरी जातात, वसतिगृह ओस पडतं, तेव्हाही बसतो. समोर मीच, बोलायला दुसरं कुणी नाही. मग कधीकधी आवाज न काढता ओठांवर एक नाव येतं. कुणाचं, ते तुला सांगायला नको.

तर मागच्या रविवारी पिंगळीच्या स्टेशनावर तुझी बहीण दिसली. मनकर्णा, तिची सासू आणि पोरगी. मी खांबाआड थांबलो, दिसू दिलं नाही. पोरगी शेंगांची टरफलं मांडत बसली होती, तीनेक वर्षांची असेल. तिच्या पाठीमागं उभ्या असलेल्या इंजिनानं एकाएकी शिट्टी मारली. मी दचकलो, बाकीची लेकरं आयांना बिलगली. हिनं मान वर केली नाही. मनकर्णा शेजारच्या बाईला कौतुकानं सांगत होती, “आमची लय गुणाची हाय, कशालाच भेत न्हाई. जावळाला हलगी कानाजवळ वाजायली होती, तरी मामाच्या मांडीवर गप झोपली.” सासू म्हणाली, “बोलंल की. तिचा बापबी उशिरानंच बोलला.”

दत्ता, ती मांडी तुझी होती. तूही कौतुकच केलं असशील. कोण नाही करणार? गुणाचं लेकरू म्हणून अशी कितीतरी लेकरं घरात राहतात, आणि आमच्याकडं येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. माझं चुकत असेल तर बरंच. तिच्या पाठीमागं ताटली वाजवून बघ. तिला दिसू देऊ नको, जमिनीला धक्का लागू देऊ नको. वळली तर मला शिव्या घालून मोकळा हो.

नाही वळली, तर येत्या बुधवारी तिला इथं आण. कमलबाई त्या दिवशी नवी लेकरं तपासतात. मी हे सरळ मनकर्णालाच लिहिलं असतं, पत्ता पाठ आहे. पण पालमच्या त्या घरात माझं नाव गेलं की पोरीला उंबरा ओलांडू देणार नाहीत, आणि मनकर्णाला काय काय ऐकावं लागेल ते वेगळंच. म्हणून हे तुझ्या लक्षात आलं असं सांग. मामाला दिसलं म्हटल्यावर कुणी अडवणार नाही. बुधवारी मी ताडकळसला जातोय, तसं बाईंना सांगून ठेवलंय. पोरगी इथं शिकायला लागली तर मी दुसऱ्या गावची शाळा बघेन. सासरच्यांपैकी कुणी विचारलंच की तिथला पंडित तुमच्या ओळखीचा का, तर ओळखत नाही म्हण. तुला ते जमतं.

तरीही तुझाच,
पंडित