ठिपक्यांनी दिसलेलं दार

आई,

तुझी नजर गेली तशीच माझीही गेली. आधी तिन्हीसांजेला चाचपडणं, मग बाजूचं दिसेनासं होणं, शेवटी नुसता उजेड. डोळ्याच्या पडद्याचा हा आजार तुझ्याकडून माझ्याकडे आला. तू गेलीस तेव्हा मात्र मला सगळं दिसत होतं. मुरुडच्या आपल्या स्वयंपाकघरात तू तव्यावर तळहात धरून ताव बघायचीस. मी शहाणपणाने तुझं मनगट धरलं की ओरडायचीस, "तू नको धरू माझा हात. मी धरते तुझा. म्हशीसारखी वढतेस काय मला?"

मुंबईच्या एका रुग्णालयात कृत्रिम नजरेवर संशोधन चाललंय, त्यात मी भाग घेतला. पडद्यावर नखाहून लहान चिप बसवली. चष्म्यातला कॅमेरा पाहतो ते चिपकडे जातं आणि मला उजेडाचे ठिपके दिसतात. पहिल्या दिवशी नुसते काजवे लुकलुकले. काहीच उमजेना, मी रडले. संशोधक बाईंनी उठवायला माझं मनगट धरलं, तशी मी म्हटलं, "बाई, तुम्ही नका धरू, मी धरते." म्हैस तेवढी वगळली.

मग कित्येक महिने सराव. काळ्या फळ्यावरची पांढरी पट्टी उभी की आडवी, एवढंच ओळखायचं. मुलगी दर खेपेला अलिबागहून बोटीने सोबत यायची. हा आजार तिच्यातही उतरलाय का, ती तपासणी मात्र तिने केली नव्हती; विषय काढला की उठून जायची. एके सकाळी घरी मी चष्मा लावून बसलेय, आणि समोर ठिपक्यांची उभी चौकट. दार! त्यात काहीतरी काळं हललं.

"तूच ना गं?"

"हो, मीच," ती म्हणाली. मग मुद्दाम सरकली. "आता?"

"डावीकडे."

 ती जवळ येऊन बसली. "आई, मी करते तपासणी." केली. तिच्यात तो दोष नाही.

हे मी फोनला सांगतेय, तो लिहितोय. कुणाला पाठवायचं म्हणून विचारतोय, राहू दे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, काय बघावंसं वाटतं? मी म्हटलं, मुलीला. खरं तर मला तुझा चेहरा आठवेनासा झालाय. यातून चेहरे दिसत नाहीत हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी घरी आल्यावर पहिल्यांदा मी तुझ्या फोटोसमोरच जाऊन उभी राहिले.